अंगावर काय काय आहे?

मशीन हातात घेतलं की ती ते आधी स्वतःच्या डाव्या हातावरून फिरवायची. बोटात तांब्याचं एक जाड वळं होतं. त्यावर आलं की मशीन टूंऽऽ करून ओरडायचं. मग ती समाधानानं मान हलवायची आणि रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणायची, "माझं बोललं. आता तू ये."

ते मशीन तुमच्याही ओळखीचं आहे. कोर्टाच्या दारात, मोठ्या थेटरात, परीक्षेच्या हॉलबाहेर कुणीतरी ती काळी चपटी दांडी घेऊन उभं असतं. तुम्ही हात पसरता, दांडी वरून खाली फिरते, ती ओरडली तरी समोरचा माणूस "चला" म्हणतो आणि तुम्ही आत. तुमचं काय जातं! आमचं तसं नव्हतं. मी हुबळीतल्या एका सोन्याच्या दुकानात अंगठ्यांच्या काउंटरला होते, पाच वर्षं. आत येताना वहीत नोंद आणि घरी जाताना मशीननं झडती, आम्हा नऊ मुलींचं हे रोजचं होतं. दाराजवळच्या कोपऱ्यात एक पडदा होता. पडद्यामागे मशीन घेऊन ती उभी. तिला आम्ही अक्का म्हणायचो. नाव होतं तिला, पगाराच्या कागदावर लिहिलेलं, पण ते आमच्यापैकी एकीनंही कधी घेतलं नाही, आणि आता मी घेणार नाही.

पन्नाशीची, ठेंगणी बाई. अळणावरकडच्या कुठल्याशा खेड्यातली. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, जुन्या हुबळीत एका खोलीत भाड्यानं राहायची. साडीवर सिक्युरिटी एजन्सीचा निळा शर्ट घालायची आणि त्याची बटणं ऐन चैत्रातसुद्धा गळ्यापर्यंत लावलेली. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरायची आणि परत यायची, तिला स्वतःलाही ते कळायचं नाही.

सकाळचा तिचा प्रश्न एकच. "काय गं तंगी, अंगावर काय काय आहे?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. तिला सगळ्याच तंगी. आम्ही सांगायचो, कानात दोन, नाकात एक, गळ्यात साखळी, पायात पैंजण. ती वहीत लिहून घ्यायची. संध्याकाळी तेवढंच सापडलं पाहिजे. जास्त काही सापडलं तर ते दुकानाचं, म्हणजे तुम्ही चोर. इतकं सरळ होतं सगळं. वहीवर रोज रात्री मॅनेजर सही करायचे.

आता हसू येतं, पण त्या पडद्यामागे करमणूकही कमी नव्हती. आमच्यातल्या एकीच्या अंबाड्यात इतके आकडे असायचे की मशीन डोक्यापाशी गेलं की थांबायचंच नाही. अक्का म्हणायची, "डोस्क्यात काय भांड्याचं दुकान काढलीस काय गं?" एकदा एकीच्या पदराआडून बारीक आवाज आला. निघालं काय, तर चॉकलेट. त्याच्या चांदीच्या कागदानं चहाडी केली होती. अक्कानं गंभीर तोंड करून त्यातलं अर्धं मोडून घेतलं आणि "जा आता, सुटलीस" म्हणाली.

आषाढात सोन्याच्या दुकानात काळं कुत्रं फिरकत नाही. अशाच एका रिकाम्या दुपारी तिनं आम्हाला मशीनची भाषा शिकवली. काचेवर एक साधी अंगठी ठेवली आणि शेजारी तिच्या दुप्पट वजनाची, नाजूक कड्यांची लांब साखळी. अंगठीवर मशीन आणलं तर टूंऽऽ. साखळीवर आणलं तर नुसतं कण्हल्यासारखं, तेही अगदी टेकवल्यावर. मोडीत आलेली एक अंगठी होती, मागून चिरलेली. तिचा आवाजही निम्माच.

"पुरं गोल असलं की बोंब मारतं," अक्का म्हणाली. "साखळीचं सगळं तुकडं तुकडं. ते गप बसतं."

"आणि सोनं आहे की पितळ, ते कळतं का ह्याला?" मी विचारलं.

"ह्याला काय कळतंय! सोनं, पितळ, सेफ्टी पिन, सगळं एकच. ह्याला फक्त 'आहे' एवढंच कळतं. काय आहे ते माणसानं बघायचं."

मी त्या वेळी सगळ्यांबरोबर हसले. दोन महिन्यांनी त्या 'आहे'च्या भीतीनं माझी झोप उडणार आहे हे कुठे ठाऊक होतं!

झालं असं, की मी लग्न केलं. चोरून. धारवाडच्या एका छापखान्यात तो कामाला होता. आमच्या जातीचा नव्हता, घरी मराठी बोलणारा नव्हता. आमचं घर दाजीबानपेठेत, दोन खोल्यांचं. अप्पा कापडाच्या दुकानात कारकून, सज्जन, पण चार लोक काय म्हणतील ह्या एका वाक्यावर जगणारे. आणि माझा भाऊ, अण्णा. आमच्या गल्लीतली एक मुलगी अशीच पळून गेली होती तेव्हा जेवता जेवता तो म्हणाला होता, "माझ्या घरात असं झालं तर मी दोघांनाही शिल्लक ठेवणार नाही." आईनं त्याला आमटी वाढली आणि मी मान खाली घालून भात कालवत राहिले. ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

धारवाडच्या रजिस्टर कचेरीतून बाहेर पडल्यावर त्यानं माझ्या गळ्यात पिवळा दोरा बांधला. दोऱ्यात सोन्याच्या दोन वाट्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. महिनाभर जादा काम करून केलेल्या. तिथून हुबळीच्या बसमध्ये बसले आणि बसमध्येच तो दोरा गळ्यातून काढला. एकदा बांधलेलं अंगावरून उतरवायचं नाही, उतरवलं तर त्याच्या जिवाला धोका, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. आणि तो तर रोज संध्याकाळी धारवाडहून मोटारसायकलवरून मला पाच मिनिटं भेटायला यायचा, ट्रकच्या गर्दीतून.

गळ्यात घालायची सोय नाही आणि अंगावेगळं करायची हिंमत नाही. मग मी त्या वाट्या कापडाच्या चिंधीत गुंडाळून परकराच्या नेफ्यात, डाव्या बाजूला शिवून टाकल्या. परकर बदलला की टाके उसवायचे, दुसऱ्यात घालायचे. न्हाणीघरात बसून, तोंडात सुई धरून. घरात दुसरी जागाच नव्हती जिथे आईचा हात पोचत नाही.

आणि मशीन? मला वाटलं होतं, एवढ्याशा तर वाट्या. मशीनला काय दिसणार?

पहिल्याच संध्याकाळी मशीन कमरेपाशी आलं आणि टिं टिं झालं. शेजारी शेजारी, दोनदा. अक्कानं मशीन बाजूला केलं आणि साडीवरूनच दोन बोटं तिथं टेकवली. तुम्ही बायका असाल तर तुम्हाला सांगायला नको. दोन बारक्या वाट्या जवळजवळ, आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या बोटांना कापडावरून कळतं ते काय आहे. तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि पडदा सारून म्हणाली, "पुढची ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "कानात दोन."

ती पेन धरून थांबली. हळूच म्हणाली, "आणि?"

"अक्का, पाया पडते. लिहू नका."

कारण मॅनेजर सही करणार. मॅनेजर आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे, दर शनिवारी मारुतीच्या देवळात अप्पांच्या शेजारी बसायचे. कुमारी मुलीच्या नावापुढे 'वाट्या दोन' वाचल्यावर ते गप्प बसतील का? मी तिला सगळं सांगून टाकलं, तिथंच, पडद्यामागे, एका दमात. अण्णाचं वाक्यसुद्धा सांगितलं.

"तर मग त्याच्याकडंच ठेव की गं," ती म्हणाली.

"अंगावेगळं कसं करू?"

तिचाही त्यावर माझ्याएवढाच विश्वास. कपाळाला आठ्या घालून तिनं वहीत लिहिलं, कानात दोन.

त्यानंतरचे चार महिने मी भीत जगले. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे ट्रे मांडायची, "हे डिझाइन नवीन आहे बघा" म्हणत हसायची आणि साडेसात वाजले की पडद्याकडे बघायला सुरुवात. रांगेत माझ्यापुढच्या मुली हसत खिदळत असायच्या. मी मनात देवाचं नाव घेत असायची. रोज टिं टिं. रोज अक्काचं गप्प राहणं. बाहेर पडलं की वाटायचं, सुटले बाई. आणि घराच्या पायरीशी गेलं की दुसरी भीती दार उघडायला उभी. कधी आईनं नुसतं "इकडे ये गं" म्हटलं तरी आधी हात नेफ्यावर जायचा.

अक्का मला रागवायची. "किती दिवस गं हे? मला झोप नाही. अकरा वर्षं दारात उभी हाय मी, एक ओळ खोटी लिवली नाही. तुझ्यापायी रोज लिवते." कधी मात्र पाठीवर हात ठेवून "अंजबेड" म्हणायची, भिऊ नको. आणि लगेच पुटपुटायची, "मीच भितेय, तुला काय सांगू." मी म्हणायची, पुढच्या महिन्यात घरी सांगते. पुढचा महिना यायचा आणि जायचा.

लग्नसराई सुरू झाली. एके दिवशी दुकानात इतकी गर्दी, की पाणी प्यायला फुरसत नव्हती. संध्याकाळी ट्रे मोजून आत ठेवताना माझ्या ट्रेमधली एक खोबण रिकामी दिसली. पाकळ्यांच्या नक्षीची बायकांची अंगठी. मी काउंटरखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली. नाही. मग मॅनेजरांना सांगायला गेले.

त्यांनी शटर अर्धं खाली ओढायला लावलं. माणूस वाईट नव्हता तो, उगाच का सांगू. पण अंगठी गेली की मालकांना जबाब त्यांना द्यायचा. ते पडद्यापाशी आले, स्वतःच्या हातानं पडदा बाजूला सारला आणि म्हणाले, "आज उघड्यावर होऊ दे. मी इथंच उभा आहे."

मी रांगेत सातवी. सहा जणींची झडती होईपर्यंत काय काय मनात आलं! चक्कर आल्याचं सोंग करावं. पळावं. दुकानाच्या मागच्या मोरीत जाऊन टाके उसवावेत आणि वाट्या गिळून टाकाव्यात. खरंच सांगते, गिळायचा विचार केला मी. पाय मात्र जागचे हलले नाहीत. अक्का एकेकीवरून मशीन फिरवत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. वरपर्यंत लावलेलं बटण तिनं पहिल्यांदाच उघडलं होतं.

माझी पाळी आली. खांदे, हात, पाठ. आणि मग कमरेपाशी टिं टिं.

"काय आहे ते?" मॅनेजर.

"तिचंच हाय, साहेब," अक्का म्हणाली.

त्यांनी वही ओढली. "इथं कानात दोन एवढंच आहे."

"मी लिवलं नाही. चुकलं माझं."

"आज चुकलं?"

हो म्हणाली असती तर? मी आजवर शंभरदा विचार केलाय. नुसतं हो म्हणायचं होतं. पण समोरासमोर खोटं तिच्या जिभेवर यायचंच नाही. "रोज," ती म्हणाली. "चार महिने."

सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मॅनेजर म्हणाले, "काढ बघू बाहेर, काय आहे." अक्का माझ्या आणि त्यांच्या मध्ये आली. "बाईच्या नेफ्यातलं तुम्ही बघायचं नाही, साहेब. मी आत नेते. अंगठी निघाली तर मीच आणून तुमच्या हातात ठेवीन."

मागच्या मोरीचं दार लावून तिनं माझ्याच डोक्यातला आकडा काढला आणि टाके उसवले. वाट्या तिच्या तळहातावर पडल्या. चार महिने रोज ती त्यांचा आवाज ऐकत होती, पाहत होती त्या दिवशी पहिल्यांदा. तिनं त्या डोळ्यांना लावल्या. मग माझ्या मुठीत देऊन म्हणाली, "सांगू का त्याला? सांगितलं की मिटलं. तू चोर नाहीस हे आत्ता कळंल."

मी मान हलवली. नाही, नाही, नाही. "अण्णा मारून टाकेल, अक्का."

तिनं आकडा परत माझ्या केसांत खोचला. मग म्हणाली, "बरं."

त्या एका 'बरं'चं पुढे काय होणार हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. चोवीस वर्षांची घोडी होते मी, काही कुकुलं बाळ नव्हते. तरी मी तिला थांबवलं नाही.

बाहेर येऊन तिनं सांगितलं, "अंगठी नाही."

"मग काय आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"अक्का, नोकरी जाईल."

"साहेब, मी अकरा वर्षं उभी हाय इथं." ती शूर वगैरे नव्हती हो. घाबरली होती, माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. तिनं मशीन त्यांच्यापुढे धरलं. "माझ्यावरनं फिरवा."

त्यांनी फिरवलं. बोटातलं वळं तेवढं ओरडलं. पण संशय एकदा आला की तो कुठे शिरेल! ते म्हणाले, आत नेऊन मोरीत टाकली नसशील कशावरून? दोघींचं संगनमत नसेल कशावरून? मग माझ्याकडे वळले. "तुझ्या अप्पांकडे बघून तुला काही म्हणत नाही." आणि तिला म्हणाले, "शर्ट ठेव आणि जा. उद्यापासून यायचं नाही."

माझ्यामागे अप्पा होते. तिच्यामागे कोण होतं?

तिनं एकेक बटण काढलं, शर्टाची घडी केली, स्टुलावर ठेवली. नुसत्या साडीत ती इतकी लहान दिसली, गावाकडच्या बाजारात वाट चुकलेल्या बाईसारखी. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. मी मुठीत वाट्या घट्ट धरून उभी होते. तळहाताला वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता केशवापूरच्या एक बाई लगबगीनं आत आल्या. हसत होत्या, लाजतही होत्या. बोटांत चार अंगठ्या, त्यातली एक पाकळ्यांची. "काल घालून बघितली आणि माझ्याच अंगठ्यांत विसरले बघा! रात्री पीठ मळताना लक्षात आलं." मॅनेजरांनी त्यांच्यासाठी कॉफी मागवली. "होतं असं, ताई, होतं," ते म्हणत होते. गिऱ्हाइकाला आमच्याकडे मशीन लावायची पद्धत नव्हती.

बाई गेल्यावर मी धीर करून केबिनमध्ये गेले. "साहेब, मग अक्काला बोलवायचं ना?"

"अंगठीचं मिटलं," ते म्हणाले. "पण चार महिने तिनं वहीत खोटं लिहिलं, त्याचं काय? ते काय होतं ते तू सांग. आत्ता सांग, आत्ता फोन करून बोलावतो."

पेन खाली ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. चांगल्या मनानं विचारत होते, एवढं मलाही कळलं. दोन शब्द बोलायचे होते. माझ्या डोळ्यांपुढे शनिवारचं देऊळ आलं, अप्पा आले, जेवता जेवता ते वाक्य बोलणारा अण्णा आला.

"काही नाही, साहेब," मी म्हटलं आणि ट्रे लावायला गेले.

त्या संध्याकाळी मी वाट्या नवऱ्याला देऊन टाकल्या. ठेव तुझ्याकडे म्हटलं. चार महिने जे जमत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात जमलं. आणि त्याला काही झालं नाही. मोटारसायकल घसरली नाही, साधी सर्दीसुद्धा झाली नाही. हे लिहिताना आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पडद्यामागे नवीन मुलगी आली. मोबाइल बघत बघत मशीन फिरवायची. दाराजवळच्या फळ्यावर अक्काचा फोन नंबर खडूनं लिहिलेला असायचा, तो कुणीतरी पुसला. रोज वाटायचं, जाऊन यावं जुन्या हुबळीत. रोज वाटायचं, कुणी बघितलं तर? मॅनेजरांना कळलं तर? तिनं विचारलं, सांगितलंस का घरी, तर काय बोलू? भीतीला कारणं कमी पडत नाहीत.

घरी मी सांगितलं ते ह्यानंतर दीड वर्षानं. तेही अप्पांनी एक स्थळ नक्की करत आणलं तेव्हा, नाइलाजानं. अप्पा उठून देवळात गेले आणि वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आई रडली. आणि माझा भाऊ, ज्याच्या भीतीनं मी एका बाईची नोकरी आणि नाव दोन्ही घालवलं, त्यानं काय केलं माहीत आहे? धावत धारवाडला गेला, नवऱ्याच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा दगडानं फोडला, आणि तिथंच छापखान्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडला. नवऱ्यानं त्याला चहा पाजला आणि हुबळीच्या बसमध्ये बसवून दिलं. एवढंच. एवढ्यासाठी!

घरी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये जाऊन मॅनेजरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तेव्हा का नाही बोललीस गं?" एवढंच म्हणाले. एजन्सीला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं की ती बाई आता आमच्याकडे नाही. मग मी दुपारची सुट्टी घेतली आणि नवऱ्यानं परत दिलेल्या वाट्या गळ्यात घालून जुन्या हुबळीत गेले. गल्ली माहीत होती, घर माहीत नव्हतं. निळ्या शर्टातली अक्का, सोन्याच्या दुकानातली, असं विचारत विचारत गेले. एका चाळीपाशी कुणीतरी बोट दाखवलं. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक म्हातारी ब्याडगी मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"ती व्हय," म्हातारी म्हणाली. "दुकानातनं काढलेली ना? कायतरी उचललं म्हणे."

"उचललं नव्हतं," मी म्हटलं. "तिनं काही केलं नव्हतं. ते माझं होतं." आणि भडाभडा सगळं सांगत सुटले. गल्लीतल्या दोनतीन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी थांबले नाही. म्हातारीचे हात चालूच होते.

"गेली ती," माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली. "शिमग्याला गेली. गोव्याकडं, कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला. पत्ता काय नाही ठेवला. इथं काम कोण देतंय तिला? दोन ठिकाणी गेली, तर त्यांनी दुकानात चौकशी केली."

मी पायरीवर बसले.

"तू बसलीस नव्हं, हितंच बसायची ती रोज संध्याकाळी," म्हातारी म्हणाली. "दिवे लागेस्तोवर. मी इचारायची, कुणाची वाट बघतीस गं? तर म्हणायची, दुकानातली एक पोर येणार हाय. लई भित्री हाय, तिला येळ लागंल."

मिरची हातातच राहिली तिच्या. तिनं पहिल्यांदा माझ्या गळ्याकडे नीट पाहिलं.

"तूच काय गं ती?"

हो म्हणायला मला तेव्हाही थोडा वेळ लागला.